वनस्पतीच्या विषाणूवर बसवलेली प्रतिपिंडे

श्रोतेहो, नमस्कार. तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद चट्टे उमटवणारा मोझॅक विषाणू वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ साली स्फटिकरूपात वेगळा केला, आणि पुढे १९४६ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पिकांची नासाडी करणारे असे विषाणू माणसाच्या विषाणूंना पकडण्यासाठी कसे वापरता येतात, हे आज पाहू.

हा विषाणू म्हणजे सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड अशी ताठ कांडी. तिच्या आरएनएभोवती, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्याभोवती, एकाच आवरण-प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या असतात. प्रतिपिंड म्हणजे विषाणूला ओळखून पकडणारे प्रथिन; आपल्या रक्तातल्या नेहमीच्या प्रतिपिंडाला पकडीचे हात दोनच. या कांडीवर मात्र शेकडो हात बसू शकतात, आणि त्यातला एखादा सुटला तरी शेजारचे धरून ठेवतात, म्हणून एकूण पकड कितीतरी घट्ट होते.

अडचण आकाराची आहे. प्रतिपिंडाचा पकड घेणारा तुकडा लहान केला, तरी प्रत्येक आवरण-प्रथिनाला तो जोडल्यास गर्दी होऊन कांडी अनेकदा नीट रचली जात नाही. बटाट्याच्या ‘एक्स’ विषाणूवर यासाठी काढलेली युक्ती मला फार चतुर वाटते. जनावरांना लाळ-खुरकूत रोग देणाऱ्या विषाणूकडून ‘२ए’ नावाचा छोटा दुवा घेऊन तो तुकडा आणि आवरण-प्रथिन यांच्यामध्ये घातला, की प्रथिन तयार होतानाच बहुतेक वेळा साखळी तिथे तुटते. त्यामुळे काही प्रती तुकड्यासह, तर उरलेल्या मोकळ्या तयार होतात, आणि दोन्ही मिळून कण नीट रचला जातो. दुसरा मार्ग म्हणजे कणावर ‘प्रोटीन ए’ या जिवाणूच्या प्रथिनाचा भाग बसवणे. तो प्रतिपिंडाला शेपटाकडून धरतो आणि हात मोकळे ठेवतो, त्यामुळे त्याच कणावर आज एका, तर उद्या दुसऱ्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड चढवता येते.

वनस्पतींचे हे विषाणू माणसाच्या पेशींमध्ये वाढत नाहीत, ही जमेची बाजू. तरीही रक्तात टोचल्यास आपली प्रतिकारशक्ती त्यांना परके ठरवून त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि पुढच्या डोसचा प्रभाव त्यामुळे कमी होऊ शकतो. म्हणून माझ्या मते औषधाआधी निदानाच्या चाचण्यांत त्यांचा उपयोग अधिक सहज होईल, कारण तिथे कण शरीराबाहेर राहतो आणि नमुन्यातले विरळ विषाणूही त्याला पकडून द्यायचे असतात.