वेडेलिया : पेरापेरातून पसरणारे पिवळे आच्छादन

नागपुरात नवतपा सुरू झाला की अंगणातली हिरवळ पाहता पाहता करपते, काळ्या मातीला भेगा पडतात आणि दोन वेळा पाणी घालूनही कुंड्यांमधली रोपे दुपारी माना टाकतात. त्याच दिवसांत फाटकाजवळच्या कडुलिंबाच्या सावलीत, जिथे नळाचे सांडपाणी जिरते तिथे, जमिनीला बिलगलेली एक हिरवीगार गादी दिसते आणि तिच्यावर रुपयाच्या नाण्याएवढी पिवळीधमक फुले डोलत असतात. नर्सरीत या वनस्पतीला वेडेलिया म्हणतात.

एक फूल तोडून भिंगाखाली धरू या. आपण ज्याला फूल म्हणतो तो पुष्कळ लहान फुलांचा गुच्छ आहे, आणि सूर्यफूल, शेवंती, झेंडू, माका या साऱ्या कुळाची हीच खूण आहे. कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हे एक स्वतंत्र फूल असून तिच्या टोकाला दोन-तीन बारीक दाते असतात; मधल्या चकतीतली नळीसारखी फुले मात्र कडेकडून आत क्रमाक्रमाने उमलत जातात. म्हणूनच फुलपाखरू एका चकतीवर इतका वेळ रेंगाळते.

हिचे मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर आहे. ‘सिंगापूर डेझी’ या नावामुळे ती सिंगापूरची वाटते, पण तो निव्वळ गैरसमज आहे. पानाच्या तीन खंडांवरून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये तिला ‘ट्रायलोबाटम’ (तीन खंडांचे) हे विशेषण दिले. पुढे ती वेडेलिया या प्रजातीत गेली, जिला जर्मनीतल्या येना येथील प्राध्यापक गेऑर्ग वोल्फगांग वेडेल यांचे नाव मिळालेले आहे. १९९६ पासून तिचे शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा झाले असले, तरी बागकाम करणाऱ्यांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे.

तिच्या साऱ्या बळाचे रहस्य पेरात आहे. जमिनीवर सरपटणारी एक काडी हलक्या हाताने उचलली, तर ती सहज सुटत नाही, कारण जिथे जिथे तिचे पेर ओल्या मातीला टेकले आहे, तिथे तिथे खाली पांढरी मुळे उतरलेली असतात आणि वर समोरासमोर दोन पानांच्या बगलेतून नवे कोंब निघालेले असतात. मधून काडी तोडली तरी दोन्ही तुकडे आपापल्या मुळांवर जगतात. बिया रुजण्याचे प्रमाण कमी असूनही या वनस्पतीचे काही अडत नाही. माळ्याला ती आवडते ती याच गुणामुळे: पावसाळ्याच्या तोंडावर वीतभर काड्या खोचाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांत वाफा झाकलेला पाहावा. उतारावरची माती धरून ठेवायला तिच्यासारखी सोय क्वचितच मिळते, हे मान्यच करायला हवे.

परंतु जी गादी माती झाकते, तीच गादी त्या मातीतून उगवू पाहणाऱ्या इतर रोपांचा उजेडही अडवते. जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा १०० परक्या आक्रमक जातींच्या यादीत हिचे नाव आहे. आपल्याकडे हिचाच एक सख्खा आप्त आहे, पिवळा माका. आयुर्वेदात त्याला पीतभृंगराज म्हणतात. दोघांची फुले दुरून सारखीच भासतात, म्हणून पान पाहावे: वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन खंड पडतात, तर पिवळ्या माक्याचे पान लांबट आणि अखंड असते. दक्षिण चीनमध्ये या दोन जातींचा नैसर्गिक संकर झाल्याची नोंद आहे, आणि आपल्या औषधी वनस्पतीची चिंता वाटावी, असे ते वर्तमान आहे.

त्यामुळे या व्हिडिओतून आमची एकच कळकळीची विनंती आहे. वेडेलिया लावायचीच असेल तर सिमेंटची कड असलेल्या वाफ्यात किंवा टांगत्या कुंडीत लावावी, आणि छाटलेल्या काड्या नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर न टाकता गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवाव्यात. हिरवी काडी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली, तर ती तिथेही मूळ धरू शकते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा नागपुरातले पाणी कोणत्या वाटेने धावते हे वस्त्यावस्त्यांनी पाहिले. एरवीच्या साध्या पावसातही नाल्यात पडलेली काडी त्याच वाटेने जाते: नाल्यातून नाग नदीत, तिथून पिवळी नदीच्या संगमापुढे कन्हानकडे आणि कन्हानबरोबर वैनगंगेकडे. वाटेत कुठेतरी पूर ओसरतो, काठावर मऊ गाळ उरतो आणि त्या गाळाला काडीचे एक पेर टेकते.