ठोकळ्यांचा सातबारा

‘व्हिडिओ गेमचा धंदा आणि मालकी हक्क’ असा विषय पत्रिकेवर छापलाय. तो तासाभरात आवरणारा नाही. माझी निम्मी वकिली जमिनीच्या दाव्यांत गेली, म्हणून आज मी एकाच खेळाचा सातबारा वाचून दाखवणार आहे. खेळ तुमच्या ओळखीचा आहे. नव्वदच्या दशकात जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात तो ‘ब्रिक गेम’ मिळायचा, वर ‘९९९९ इन १’ लिहिलेला. ते ९९९९ कोणी मोजले नाहीत. आपण खेळायचो एकच, वरून ठोकळे पडणारा. त्याचं नाव टेट्रिस.

अलेक्सी पाजितनोव मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होता. १९८४ मध्ये त्याने इलेक्ट्रोनिका ६० या यंत्रावर हा खेळ लिहिला. त्या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे बनवले कंसाच्या चिन्हांचे. मग वादिम गेरासिमोव या शाळकरी पोराने तो आयबीएम पीसीवर आणला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर खेळ गावभर झाला. पण विकायचा कोणी? पाजितनोवने हक्क दहा वर्षांसाठी अकादमीच्या हवाली केले. म्हणजे कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव सरकारचं.

१९८६ मध्ये लंडनचा सॉफ्टवेअर दलाल रॉबर्ट स्टाइन याने बुडापेस्टला हा खेळ पाहिला. त्याने मॉस्कोला टेलेक्स केला. पाजितनोवचं उत्तर आलं, मोघम, ‘आम्हाला रस आहे’ अशा अर्थाचं. स्टाइनने तेच खरेदीखत मानलं. ब्रिटनमध्ये मिररसॉफ्टला आणि अमेरिकेत स्पेक्ट्रम होलोबाइटला हक्क देऊन टाकले. दोन्हींच्या मागे रॉबर्ट मॅक्सवेल, तेव्हाचे मोठे वृत्तपत्रमालक. खेळ दुकानांत आल्यानंतर, १९८८ मध्ये, सॉफ्टवेअर परदेशी विकणाऱ्या एलोर्ग या सोव्हिएत सरकारी संस्थेशी स्टाइनचा करार झाला, तोही कॉम्प्युटरवरच्या खेळापुरता. तोवर खाली पोटकुळांची रांग लागली होती. मिररसॉफ्टने अटारी गेम्सला दिलं, अटारीने जपानमध्ये आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, सेगाला आणि घरच्या यंत्रासाठी हेंक रॉजर्स यांच्या बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअरला. प्रत्येकाच्या हातात कागद होता आणि कागदावर सही होती. पण आपल्याजवळ नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हे तलाठी कार्यालयाबाहेर बसणारा अर्जनवीसही सांगेल.

हे घोंगडं असंच भिजत राहिलं असतं, पण मध्ये एक तारीख आडवी आली. निन्टेंडो या जपानी कंपनीचा गेमबॉय, हातात धरून खेळायचं यंत्र, १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये आणि जुलैअखेर अमेरिकेत यायचा होता. नवं यंत्र खपतं ते सोबतच्या खेळावर. रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना पटवलं की सोबत मारिओ दिला तर मुलं घेतील, टेट्रिस दिलं तर घरातले सगळे. हातात धरायच्या यंत्राचे हक्क मात्र स्टाइनकडून काही मिळेनात. शेवटी फेब्रुवारी १९८९ मध्ये रॉजर्स पर्यटक व्हिसावर, निमंत्रण नसताना, मॉस्कोत एलोर्गच्या दारात उभे राहिले. त्याच सुमारास तिथे स्टाइनही आला होता आणि मॅक्सवेल यांचा मुलगा केविनही.

एलोर्गचे निकोलाय बेलिकोव समोर बसलेले. रॉजर्स यांनी कौतुकाने फॅमिकॉमचं, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती गेम-यंत्राचं, आपलं टेट्रिसचं कार्ट्रिज दाखवलं. बेलिकोव चकित झाले, कारण घरगुती गेम-यंत्रांचे हक्क त्यांनी कोणालाच विकले नव्हते! डोळ्यांसमोर आणा: एवढा प्रवास करून आपण बेकायदा माल मालकाच्याच टेबलावर ठेवलाय. माझ्या अशिलांपैकी दहातल्या नऊ जणांनी तिथे दलालाकडे बोट दाखवलं असतं. रॉजर्स यांनी विकलेल्या प्रतींचे पैसे एलोर्गला द्यायची तयारी दाखवली. तेच कार्ट्रिज बेलिकोवनी नंतर केविन मॅक्सवेलपुढे धरलं, त्यावर मिररसॉफ्टचं नाव छापलेलं. केविन म्हणाला, हा चोरीचा माल असणार. घरगुती यंत्राचे हक्क आपल्याकडे नाहीत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं.

या प्रकरणात मला खरा वकील वाटतो तो बेलिकोव. स्टाइनपुढे त्यांनी कराराची दुरुस्ती ठेवली. त्यात उशिरा पैसे भरल्यास दंडाचं कलम होतं. स्टाइनचं सगळं लक्ष तिथे. आणि शेजारी एक साधी दिसणारी व्याख्या होती: कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. दंडावर घासाघीस करून स्टाइनने सही केली. कीबोर्ड नसलेली सगळी यंत्रं त्या एका ओळीने त्याच्या हातून गेली. करारनामा कितीही लांबलचक असू दे, पक्षकाराने आधी व्याख्या वाचाव्यात, हे मी तीस वर्षं सांगतोय आणि कोणी ऐकत नाही.

हातातल्या यंत्राचे हक्क रॉजर्स यांना मिळाले. मार्चमध्ये अराकावा आणि त्यांच्याच कंपनीचे वकील-अधिकारी हॉवर्ड लिंकन मॉस्कोला आले आणि घरगुती यंत्राचे हक्क निन्टेंडोने घेतले. मॅक्सवेल यांनी गाऱ्हाणं थेट गोर्बाचेव्हपर्यंत नेलं, उपयोग झाला नाही.

अटारी गेम्सने मात्र माघार घेतली नाही. टेन्गेन या नावाने त्यांनी मे महिन्यात निन्टेंडोच्याच यंत्रासाठी आपलं टेट्रिस बाजारात उतरवलं. निकालाआधी माल खपवायचा, हा हिशोब आपल्याकडच्या बिल्डरांनाही कळतो. खटला उभा राहिला तो एका प्रश्नावर: हे यंत्र कॉम्प्युटर आहे का? गंमत अशी की जपानमध्ये त्याच यंत्राचं नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’. तरीही २१ जून १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी टेन्गेनच्या विक्रीला मनाई केली. उरलेला माल परत गेला. बरोबर चाळीस दिवसांनी, ३१ जुलैला, गेमबॉय अमेरिकेत आला, खोक्यात टेट्रिस घेऊन. गेमबॉयच्या टेट्रिसच्या साडेतीन कोटींच्या आसपास प्रती गेल्या. पाजितनोवला रॉयल्टी सुरू झाली ती १९९६ मध्ये, हक्क परत आल्यावर आणि रॉजर्स यांच्यासोबत कंपनी काढल्यावर.

नकलांचंही थोडं सांगतो. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, दिसण्यावर असतो. ही रेषा कुठे मारायची यावर वाद होतात. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने झिओ या कंपनीचा ‘मिनो’ हा खेळ टेट्रिसची नक्कल ठरवला. त्या निकालात ठोकळ्यांच्या घडणीबरोबर वीस बाय दहाच्या पटाचीही दखल आहे.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने विचारलं, ‘सर, माझ्या स्टीमच्या खात्यात दोनशे खेळ आहेत. ते तरी माझेच ना?’ स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान. त्याला मी ‘द क्रू’ची गोष्ट सांगितली. युबिसॉफ्टचा गाड्यांचा खेळ, डिसेंबर २०१४ मध्ये आलेला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघाकडच्या तिच्या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: डिजिटल माल ‘खरेदी करा’ म्हणून विकायचा, तर हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. एकदा उतरवून घेतला की कायम वापरता येतो, अशा मालाला तेवढी सूट. कायदा लागू होण्याआधीच स्टीमने पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

ती ओळ मी त्याला त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, ‘सर, तो ब्रिक गेम अजून कुठे मिळतो का?’