वाईजवळचा उणे पाऊस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘विखुरलेल्या नोंदींपासून त्रिमितीय पृष्ठालेख’. एवढं भारदस्त नाव संयोजकांनी दिलंय. माझं म्हणणं साधं आहे: पृष्ठभाग रंगवा, फिरवा, हवा तेवढा चमकवा, पण मोजमाप कुठे झालं ते ठिपके त्यावर दाखवा. बाकीचं सगळं संगणकाचं मत असतं.

नोंदी समान अंतरांच्या चौकटीत (म्हणजे ग्रिडमध्ये) का येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पर्जन्यमापक तिथेच बसतो, जिथे रोज सकाळी साडेआठला कुणीतरी जाऊन मोजपात्र बघू शकतं. म्हणजे तहसील, शेतकी फार्म, धरणावरची चौकी. पाऊस मात्र आपली सोय बघून पडत नाही. तो कड्यावर कोसळतो आणि तिथे मोजायला कुणी नसतं.

आता माझं जुनं दुखणं. ज्यांनी ऐकलंय त्यांनी मोबाइल बघायला हरकत नाही. एका कार्यालयाचा अहवाल माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. नाव घेत नाही, मला अजून तिथे कामं आहेत. मुखपृष्ठावर सातारा जिल्ह्याच्या पावसाचा झकास त्रिमितीय आलेख. महाबळेश्वरला उंच सुळका, तिथवर ठीक. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो तिथे, आणि रस्त्याने जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला सातशे-आठशेच्या आसपास. पण वाईच्या पुढे, सुरूरच्या बाजूला, एक खळगा. गडद जांभळा. रंगपट्टी बघितली तर तो शून्याच्या खाली! उणे पाऊस. म्हणजे तिथे पाणी जमिनीतून निघून ढगात जात असणार. फोन केला, तर उत्तर मिळालं, “सर, सॉफ्टवेअरनेच काढलंय.” मी म्हटलं, मग सहीही त्याचीच घ्या. (हशा)

खळगा आला कुठून? त्यांनी वापरली होती किमान वक्रतेची पद्धत. ब्रिग्जने 1974 मध्ये मांडलेली. सगळ्या बिंदूंमधून पातळ लवचीक पत्रा न्यायचा आणि तो कमीत कमी वाकवायचा. सहा हजारांवरून सातशेवर उतरलेला पत्रा तिथे एकदम सपाट होत नाही. उताराच्या जोरात खाली जातो आणि मग वर येतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, पाऊस उणे नसतो. जीएमटी या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या ‘सरफेस’ आज्ञेत यासाठी पत्र्याला ताण देता येतो, शून्य ते एक. भूरूपासाठी 0.35च्या आसपास सुचवतात. ताण वाढवला की झोल जातो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. खरा विषय, म्हणजे विखुरलेल्या नोंदींतून पृष्ठभाग काढायच्या बाकीच्या पद्धती, आता पळत सांगतो.

एक, त्रिकोण. शेजारचे बिंदू जोडून त्रिकोण करायचे. गणितज्ञ देलोने, 1934: कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा बिंदू नको. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबचं ‘प्लॉट ट्रायसर्फ’ थेट त्रिकोणांवरच पृष्ठभाग काढतं, ग्रिड लागतच नाही. मूल्य मोजलेल्या मर्यादेबाहेर जात नाही. कडेचे लांबट त्रिकोण मात्र काढून टाका. बाहेरच्या बिंदूंच्या पलीकडे पायथनमधल्याच सायपायचं रेषीय ‘ग्रिडडेटा’ जागा रिकामी सोडतं. ती भरू नका.

दोन, अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन, म्हणजे जवळच्या केंद्राला जास्त आणि लांबच्याला कमी; शेपर्ड, 1968. आलेख काढणाऱ्या ग्नूप्लॉटचं ‘डीग्रिड थ्रीडी’ याच कुळातलं. उणे येणार नाही, पण प्रत्येक केंद्राभोवती एक टेंगूळ उठेल. आणि कड्यावरचा न मोजलेला जास्तीचा पाऊस या दोन्ही पद्धतींत कधीच दिसणार नाही.

तीन, क्रिगिंग: नोंदी अंतरागणिक किती बदलतात ते बघून वजनं ठरवायची. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतले डॅनी क्रिगे, 1951. गणिती बैठक फ्रान्सच्या माथेरोंनी दिली. (नाही हो, आपल्या माथेरानशी संबंध नाही!) अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही मिळते, म्हणून मला प्रिय. पण घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांना एकच व्हेरिओग्राम (अंतरागणिक फरक किती वाढतो त्याचा आलेख) लावू नका.

त्याआधी अक्षांश-रेखांशांचे किलोमीटर करून घ्या. आपल्याकडे रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा चार-पाच किलोमीटरने आखूड असतो.

शेवटचं, बघण्याचा कोन. पश्चिमेकडून पाहिलं तर महाबळेश्वरच्या सुळक्यामागे अख्खा पर्जन्यछायेचा पट्टा दडतो, आणि खळगे नेमके तिथेच असतात. शेजारी सपाट समपर्जन्य नकाशा (सारख्या पावसाच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) द्या. मुखपृष्ठ जरा साधं दिसेल, एवढंच. बरं, प्रोजेक्टर बंद केलाच वाटतं.