कपाटातली पावती पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्यांच्या चुका काढणार आहे आणि माणसं फार भली आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की आईबाप फडावर जातात, आणि पाच-सहा महिने या पोरांचं घर म्हणजे ती पत्र्याची इमारत. मी बँकेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर अशा लहान संस्थांचे हिशेब बघून द्यायला लागले. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळ होती, अंगणात पाण्याचा बंब धुमसत होता आणि पोरं बादल्या घेऊन रांगेत उभी होती. कार्यवाह सर म्हणाले, "ताई, तुम्ही बँकेतल्या. आम्हाला ते मार्केटिंगचं काहीतरी सांगा. लोक देतच नाहीत हो."

मी म्हटलं, आधी कपाट उघडा.

लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वापरून झालेली पावती पुस्तकं होती. सुतळीने बांधलेली, वर्षावार. एक गठ्ठा सोडला. मूळ पावती फाडून दिलेली, खाली कार्बनची निळी प्रत शिल्लक. नाव, गाव, रक्कम, हस्ते. कुणी एकशे एक, कुणी पाचशे एक, एखादा अकरा हजार. खाली कारणासाठी एक ओळ असते, तिच्यात लिहिलेलं: वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त. मुलगी दहावी पास झाली म्हणून. नवीन ट्रॅक्टर घेतला. मी विचारलं, "सर, यातल्या किती जणांना नंतर फोन केलात?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "पावती दिली ना."

आज मला बोलायचं आहे ते या 'पावती दिली ना'बद्दल.

बघा, पैसे मागण्याची आपल्याला काही नवलाई नाही. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. गणपतीची वर्गणी तर आपण दरवर्षी देतो, काही वेळा आनंदाने, काही वेळा दारात उभी राहिलेली पोरं बघून. देणगी मागण्याचं शास्त्र परदेशातून आलं, असं आजकाल शहरातल्या कार्यशाळांत वाटायला लागतं. पण आपल्याकडे हे काम फार मोठ्या माणसांनी करून ठेवलंय.

पैसा फंडाचं नाव जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, पाठबळ लोकमान्य टिळकांचं. माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला तो याच फंडातून. आता हिशेब करा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायचा तर चौसष्ट माणसांशी बोलायला हवं. कुणी व्यवहारी माणूस म्हणेल, यापेक्षा एक सावकार गाठला असता. पण सावकाराकडून आलेल्या रुपयामागे एकच माणूस असतो. पैसा फंडाच्या रुपयामागे चौसष्ट घरं होती, आणि त्या प्रत्येक घरात तळेगावच्या काचेचा विषय निघू शकत होता. यालाच आज मार्केटिंग म्हणतात. आधी जाहिरात करा, मग पैसे मागा, अशा त्या दोन गोष्टी नव्हत्याच. पैसा मागणं हीच जाहिरात होती.

दुसरे धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आश्रमासाठी लोकांची दारं ठोठावायची, हा त्यांचा क्रम. आणि मागणारा माणूस कोण? १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलेला. त्या पुण्यात विधवांच्या शिक्षणासाठी हात पुढे करणं म्हणजे काय असेल, याची आपण फक्त कल्पना करावी. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्याच महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले, आईचं नाव दिलं, तेच आजचं एसएनडीटी. संस्थाचालकांच्या बैठकीत हे पंधरा लाख नेहमी निघतात. 'आपल्यालाही एक ठाकरसी मिळायला हवा.' त्याआधी अण्णा चोवीस वर्षं रुपया-दोन रुपये गोळा करत होते, हे कुणी काढत नाही. बरं, पंधरा लाख मिळाल्यावर तरी ते थांबले का? सत्तरी उलटल्यावर आफ्रिकेत जाऊन तिथल्या भारतीय लोकांकडून पैसे आणले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं आणि पुन्हा मागायला सुरुवात केली.

असो. आपण वसतिगृहात परत जाऊ.

तिथल्या भिंतीवर अन्नदानाचा तक्ता होता. एका दिवसाच्या जेवणाचा खर्च द्या, तुमचं नाव फळ्यावर लिहू. कल्पना चांगली आहे, आणि चालतेही. पण तक्ता नीट पाहिला तर २६ जानेवारीला तीन नावं, शिवजयंतीला दोन, दिवाळीत तर झुंबड. ज्या पोरांचे आईबाप आधीच फडावर गेलेले, त्यांच्यासाठी त्या चार दिवसांत पाच घरचे लाडू आले होते. स्वयंपाकाच्या मावशी मला म्हणाल्या, "पोरं आजारी पडली हो लाडवानं. आणि फेब्रुवारीत तेलाचा डबा उधारीवर आणला." गोड खायला घालण्यात देणाऱ्याला आनंद आहे. आमटीला फोडणी घालण्यात कुणाला आनंद वाटावा? पण तो वाटायला लावणं हेच तर मागणाऱ्याचं कौशल्य. आम्ही तक्ता बदलला. सणाचे दिवस काढून टाकले, ते संस्थेचे. देणाऱ्याला त्याच्याच घरातली तारीख विचारायची: लग्नाचा वाढदिवस, आईची तिथी, नातवाचं बारसं. त्या तारखा वर्षभर पसरलेल्या असतात. फेब्रुवारीतल्या मंगळवारीही कुणाचं तरी लग्न झालेलं असतंच.

आता एक दुखरी गोष्ट. वह्या द्यायला लोक तयार, दप्तरं द्यायला तयार, खोली बांधून वर संगमरवरी पाटी लावायला तर फारच तयार. पण त्या मावशींचा पगार कुणी द्यायचा? विजेचं बिल? 'आमचे पैसे थेट मुलांपर्यंत गेले पाहिजेत, पगारात जाता कामा नयेत,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि खरं सांगते, बँकेत असताना स्वतःही म्हटलंय. रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात कोण नेतं? वही नेत नाही. पण संस्थावालेही इथे कच खातात. पगाराचा खर्च 'इतर'मध्ये घालून लपवतात. तो उघडपणे मागता येतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तो मुळात पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून. इमारतीसाठी नाही, वह्यांसाठी नाही, माणसांसाठी. लोकांना कारण सरळ सांगितलं आणि लोकांनी तिकिटं काढली.

मला स्वतःला सगळ्यात राग येतो तो फोटोंचा. या वसतिगृहाच्या जुन्या पत्रकावर एका मुलीचा फोटो होता, विस्कटलेले केस, फाटका फ्रॉक, डोळ्यांत पाणी. पत्रक वाटून झालं, चार पैसेही आले असतील. मी गेले तेव्हा ती मुलगी आठवीत होती. टेबलावर ते पत्रक पडलेलं दिसलं तशी ती पुढे आली आणि तिने ते उलटं करून ठेवलं. बोलली काहीच नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, हे सरांना ठाऊक नव्हतं. पण कायदा नसता तरी ते पत्रक उलटंच ठेवायला हवं होतं. नव्या पत्रकावर आम्ही बंबाचा आणि बादल्यांच्या रांगेचा फोटो छापला, पाठमोरा. खाली लिहिलं, एका मुलाच्या एका महिन्याच्या राहण्याजेवणाला किती खर्च येतो. नेमका आकडा, शेकड्यात-हजारात न बसवलेला. बँकेतला माझा अनुभव असा की शेवटी नुसती शून्यं असलेल्या आकड्यावर लोकांचा विश्वास कमी बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ऐकताना कंटाळा येईल. स्नेहसंमेलनात स्टेजजवळ क्यूआर कोड लावला होता. मी मोबाइल लावून पाहिला तर नाव आलं ते सरांचं स्वतःचं! त्यांच्या मनात काही नव्हतं हो, संस्थेच्या खात्याचा कोड काढायला बँकेत हेलपाटे पडत होते म्हणून. पण पाहुण्याच्या मनात काय येत असेल? शिवाय तो पैसा उद्या आयकरवाल्यांच्या डोळ्यांना सरांचं उत्पन्न दिसणार. तो कोड त्याच दिवशी काढला. दुसरं, देणगीवरची आयकराची सवलत, लोक ऐंशी-जी म्हणतात ती. दोन हजारांच्या वर रोख दिले तर देणगीदाराला ती मिळत नाही. २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची यादी त्यांच्या पॅन नंबरसह आयकर खात्याकडे ऑनलाइन भरायची असते, वर्ष संपल्यावर ३१ मेच्या आत, आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क. म्हणजे नुसती पावती आता पुरत नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ही सवलत मुळात नाहीच, तेव्हा 'टॅक्स वाचेल' एवढ्या एका मुद्द्यावर देणगी मागणाऱ्यांनी दुसरा मुद्दा शोधायला लागावं.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल सगळे विचारतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी असलेल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. सरांना वाटत होतं, शेजारचा साखर कारखाना यात येईल. पण कारखाना सहकारी. सहकारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे, तिला हे कलम लागूच नाही. सहा महिने त्या अर्जामागे गेले होते. सीएसआर मिळाला तर जरूर घ्या, पण अधिकारी बदलला की नातं संपतं, हे धरून चाला.

तर आम्ही केलं काय? पाच वर्षांची पुस्तकं काढली. नववी-दहावीच्या पोरांना बसवलं, त्यांनी एका मोठ्या वहीत यादी उतरवली. नाव, गाव, नंबर, तारीख, कारण. मग दर शनिवारी संध्याकाळी सर आणि मी दहा-दहा फोन करायचो. नियम एकच: या फोनवर पैसे मागायचे नाहीत. सरांना हे अजिबात पटलं नव्हतं. "मग फोन कशाला?" "तुमच्या पैशाचं काय झालं ते सांगायला." पुष्कळ नंबर बंद निघाले. एकाने 'कोण बोलतंय' विचारून फोन ठेवला. एका बाईंनी आपल्या सुनेची तक्रार वीस मिनिटं सांगितली, ती सरांनी ऐकून घेतली, बिचाऱ्यांनी.

तिसऱ्या शनिवारी एक आजोबा लागले. चार वर्षांपूर्वीची पावती, रक्कम तीन हजार, कारण: पत्नीच्या स्मरणार्थ, बंबासाठी. सरांनी सांगितलं की बंब अजून चालू आहे, रोज साठ पोरं गरम पाण्याने आंघोळ करतात. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. आम्हाला वाटलं फोन कट झाला. मग आजोबा म्हणाले, "अहो, मी आलो होतो तेव्हा त्याचा नळ गळत होता. बदलला का?"

सरांनी फोन तसाच धरून खिडकीतून अंगणात पाहिलं. नळाखाली डबा ठेवलेला होता. त्यांनी वही ओढली आणि आजोबांच्या नावापुढे लिहिलं: नळ.