'सेंग' दिसला की जन्मच झाला असं नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली कोरियन शब्दांत येणाऱ्या 'सेंग'बद्दल इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं, आज उरकूनच टाकू.

बेसिक पटकन. हान्जा म्हणजे कोरियनमध्ये मुरलेली चिनी अक्षरं. आता लिहितात हंगुलमध्येच, म्हणजे कोरियन लिपीत, पण बऱ्याच शब्दांच्या पोटात ती असतातच. (पडद्यावर अक्षर: 生) हा बघा आपला सेंग, पाच रेघा. मुळात जमिनीतून वर आलेला कोंब. अर्थ जन्मणं, जगणं, शिवाय कच्चं, ताजं. सेंगइल म्हणजे वाढदिवस, सेंगबांगसोंग म्हणजे लाइव्ह प्रक्षेपण, सेंगमेकजू म्हणजे ड्राफ्ट बिअर. (आई, मला फक्त शब्द माहितीये हं.) आणि सेंगसॉन म्हणजे मासा, पण ताटातला! पाण्यात पोहतो तो मुल्गोगी. म्हणजे नावात जीव, आणि जीव तर गेलेला.

माझा लाडका शब्द सॉनसेंग. सॉन म्हणजे आधी. आधी जन्मलेला, आपला अग्रज की हो! तिकडे तो शिक्षक झाला, एवढंच. आणि दोंगसेंग, म्हणजे धाकटं भावंड, त्यात 'दोंग' म्हणजे तोच, एकच. झाला ना सहोदर?

आता डोकेदुखी. सेंगगाक, म्हणजे विचार. यात हे अक्षर नाही. नाही म्हणजे नाही! शुद्ध देशी कोरियन शब्द आहे. तरी दर आठवड्याला कमेंट येते, "ताई, विचार मनात जन्मतो म्हणून सेंग ना?" कल्पना गोड आहे, मान्य. मीही एकदा भर वर्गात हेच ठोकून दिलं होतं. आमच्या कोरियन बाई आधी हसल्या, मग शब्दकोश माझ्यापुढे सरकवला. हान्जा शब्दापुढे कंसात चिनी अक्षरं देतात. सेंगगाकपुढे कंसच नव्हता.

मराठीत बघा. पंकज, जलज, अनुज, यातला 'ज' म्हणजे जन्मलेला. म्हणून 'गरज' म्हणजे काय, गरात जन्मलेली? आणि 'लाज'? तसंच सेंगज्वी, म्हणजे छोटा उंदीर. कच्चा उंदीर नव्हे, प्लीज!

बरं, हान्जा असला तरी तो हाच असेल असंही नाही. हुइसेंग म्हणजे बलिदान. त्यातल्या सेंगला डावीकडे बैलाचं चिन्ह जोडलंय, ते अक्षरच वेगळं. कानाला सारखं, डोळ्याला निराळं.

हां, एकीने विचारलंय, सेंगगांग, म्हणजे आलं, त्यात आपला सेंग आहे का? आहे! कंस बघूनच सांगतेय.