मॅच सुटल्यानंतरचा अर्धा तास

श्रोतेहो, नमस्कार. वानखेडेवर मॅच असली की मुंबईत चोऱ्या होतात, असं आपण सरसकट म्हणतो. पण चोर शहरभर फिरत बसत नाही. तो गर्दी कधी आणि कुठे दाटणार ते बघतो.

वानखेडेत साधारण 33 हजार माणसं मावतात. येताना ती दोन-तीन तासांत थोडी थोडी येतात. सुटतात मात्र एकदम, आणि बहुतेकांची पावलं चर्चगेटकडे नाहीतर मरीन लाइन्सकडे वळतात. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, गाडी गाठायची घाई, डोक्यात अजून शेवटची ओव्हर.

खिसेकापू सहसा एकटा नसतो. एक जण चप्पल निघाल्यासारखा पुढ्यात वाकतो, दुसरा मागून रेटा देतो, तिसरा फोन काढून चौथ्याकडे सरकवतो. म्हणून ज्याला पकडता त्याच्याकडे काही सापडत नाही. 4 जुलै 2024 ला विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीनंतर मरीन ड्राइव्हवर चपलांचा खच पडला होता. पायातली चप्पल सांभाळता येत नाही अशा रेट्यात मागच्या खिशातला फोन कुठला टिकायला! तो पुढच्या खिशात ठेवा, आणि चालताना व्हिडिओ काढू नका.

खरा फटका फोनच्या किमतीचा नसतो. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जातो. घरून निघण्याआधी सेटिंगमध्ये सिमला पिन लावा. तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम अडकतं. *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन गेलाच तर आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम हाती आलं की संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो.

तक्रार देताना हद्दीचा घोळ होतो. स्टेशनात चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस, रस्त्यावर झाली तर शहर पोलीस. पण झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते. आणि फोन ‘गहाळ’ नव्हे, ‘चोरी’ असंच लिहून घ्यायला सांगा. याबाबतीत अजिबात भिडस्तपणा करू नका. गहाळची नोंद चोरीच्या आकड्यांत येत नाही, मग पुढच्या मॅचला कुठल्या कोपऱ्यावर माणूस उभा करायचा हे पोलिसांना तरी कसं कळणार?

एक गुन्हा मात्र या गर्दीपासून लांब, बंद दाराआड होतो. इंग्लंडमध्ये लँकेशायर पोलिसांकडच्या 2002, 2006 आणि 2010 च्या फुटबॉल विश्वचषकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी 38 टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. जिंकलं किंवा बरोबरी झाली, त्या दिवशीही 26 टक्क्यांनी. मॅचच्या रात्री शेजारच्या खोलीतून बाईचं ओरडणं ऐकू आलं, तर टीव्हीचा आवाज कमी करून नीट ऐका आणि 112 लावा.