पूर आला, नळ बंद पडले, तर पत्र्यावरचं पाणी कसं धरायचं?

नमस्कार मंडळी. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा माझ्या मावशीच्या गावात चहूबाजूंनी पाणी आणि घरात प्यायला जेमतेम एक घागर. लाईट गेलेली, म्हणून नळ बंद. विहिरीत पुराचं पाणी शिरलेलं. वरून पाऊस धो धो कोसळत होता आणि पत्र्यावरचं सगळं पाणी अंगणातल्या चिखलात चाललं होतं. मावशी फोनवर म्हणाली, "डोळ्यांदेखत वाया चाललंय रे बाळा."

आपण सोलापूरकर पाण्याची वाट बघण्यात मुरलेले. उजनी धरणाचं पाणी कधी सुटणार, यावर आपला आठवडा ठरतो. पण परतीचा पाऊस आपल्याकडं दणकून येतो, तो धरायची तयारी कुणाच्या घरी असते?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा बाय दहा फुटांचा पत्रा म्हणजे नऊ चौरस मीटरच्या वर. 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर सांडलं-उडालं धरूनही दीडशे लिटर हाती येतं. पाच माणसांचं पिणं आणि स्वयंपाक पाच-सहा दिवस निघतो.

आता बॅरल. इथं माझं कळकळीचं सांगणं आहे. बाजारात जुनी निळी बॅरलं स्वस्तात मिळतात. त्यात आधी काय होतं, ते विचारा. रंगाचं, केमिकलचं, फवारणीच्या औषधाचं असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, केमिकल जात नाही.

पाऊस सुरू झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडून द्या. पत्र्यावरची धूळ, कबुतरांची घाण त्यातच वाहून जाते. मग पन्हाळीच्या तोंडाशी बॅरल सरकवा. पन्हाळी मात्र आधीच बसवून ठेवा, विजा कडाडताना पत्र्यावर चढायचं नाही. सिमेंटचा पत्रा असेल, तर ते पाणी धुण्या-भांड्यालाच वापरा.

हे बघा, ही माझ्या आईची जुनी सुती साडी. तीनदा दुमडली, म्हणजे आठ पदर. नवी नको, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाची वीण दाट होते. बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी असं पाणी गाळलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यानं घटला होता. निम्म्यानं, पुरता नाही! म्हणून गाळल्यावर उकळायचंच, खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, निवळू द्या. गॅस संपला आणि ऊन पडलं, तर निवळलेलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवा. आभाळ असेल तर सलग दोन दिवस.

उरलेल्या पाण्याच्या बॅरलचं तोंड कापडानं आवळून बांधा, डास शिरता कामा नये. पाणी काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा. लेकरांचे हात आत जाऊ देऊ नका.